हत्यार नको, वाड्याची यादी आण

प्रश्न विचारणारा मुलगा सांकवाळचा, 24 वर्षांचा. एसी-फ्रिज दुरुस्तीची कामं करतो. सैन्यभरतीला दोनदा गेला आणि दोन्ही वेळा डोळ्यांच्या तपासणीत बाहेर पडला. तो लिहितो, "काका, मे 2025 मध्ये मॉक ड्रिलचे भोंगे वाजले तेव्हा मी घरात फोन बघत बसलो होतो. त्याची अजून लाज वाटते. उद्या खरंच युद्ध पेटलं तर गोव्यात राहणारा माझ्यासारखा साधा माणूस काय करू शकतो? हत्यार चालवायला शिकवतात का? माझे पणजोबा गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाच्या पोरांना चोरून भाकरी पोचवायचे असं घरी सांगतात, म्हणून विचारतो."

मी वास्कोचा. बंदरावर नोकरी केली आणि तिच्यासोबत 28 वर्षं नागरी संरक्षणात, म्हणजे युद्ध-आपत्तीत लोकांना वाचवणाऱ्या स्वयंसेवकांच्या दलात, आधी वॉर्डन आणि मग प्रशिक्षक म्हणून राहिलो. आता गुडघे बोलायला लागलेत म्हणून जिने चढत नाही, पण मुलं विचारतात तेव्हा बोलायला आवडतं. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा पणजोबाच मनात आले. त्यांच्यावर शेवटी येतो.

आधी हत्याराचं. नाही, शिकवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. 1968 च्या नागरी संरक्षण कायद्याखाली जी स्वयंसेवकांची फळी उभी राहते ती निःशस्त्र असते. तिचं चिन्ह नारिंगी चौकोनावर निळा त्रिकोण, आणि ब्रीद 'सर्वभूतहिते रताः'. ज्याच्या छातीवर हा त्रिकोण आहे तो लढायला आलेला नाही, हे समोरच्यालाही कळावं यासाठी तो असतो. अशा माणसाने लढाईत भाग घेतला तर त्याचं संरक्षण जातंच, शेजारी स्ट्रेचर धरून उभ्या असलेल्या बाईलाही धोका होतो. युद्धाच्या कायद्यात एक अपवाद मात्र आहे आणि तो तुला कुठेतरी ऐकायला मिळेल. शत्रू चाल करून येतोय, मुलूख अजून त्याच्या ताब्यात गेलेला नाही, आणि रीतसर फौज उभी करायला वेळच नाही, अशा वेळी रहिवाशांनी हत्यार उचललं तर 1949 चा तिसरा जिनिव्हा करार त्यांना युद्धकैद्याचा दर्जा देतो. अट अशी की हत्यार उघडपणे बाळगायचं आणि युद्धाचे नियम पाळायचे. ते दिवस गोव्यावर आलेच तर तुला माझ्या उत्तराची गरज उरणार नाही.

गणवेशाचीच ओढ असेल तर प्रादेशिक सेना आहे. आपली नोकरीधंदा सांभाळणाऱ्या 18 ते 42 वयाच्या माणसांसाठी ती आहे, आणि मे 2025 मध्ये तिच्या 32 पायदळ बटालियनपैकी 14 बोलावण्याची मुभा सरकारने लष्करप्रमुखांना दिली होती, म्हणजे ती शोभेची नाही. पण वैद्यकीय तपासणी तिथंही आहे. होमगार्ड हा दुसरा रस्ता. 1946 च्या डिसेंबरात मुंबईत ते दल उभं राहिलं, 1962 च्या चिनी युद्धानंतर देशभर त्याला एकसारखं रूप आलं. शिगम्याच्या मिरवणुकीत आणि जुन्या गोव्याच्या फेस्ताला दोरी धरून उभे असतात ते हेच. त्यांना कामाच्या दिवसाचा भत्ता मिळतो. नागरी संरक्षणात मात्र बहुतेक सगळं मानद, म्हणजे पदरचा चहा प्यायचा. त्यासाठी 18 वर्षं पूर्ण हवीत आणि शिक्षण चौथी पास पुरे. चौथी पास हे वाचून हसू नकोस. माझ्या पाहण्यातला सगळ्यात चांगला बचाव स्वयंसेवक एक पाडेली होता. नारळ पाडणारा माणूस. आम्ही पुस्तकात बघून क्लोव्ह हिच आणि बोलाईन या गाठी शिकवत होतो, तेवढ्यात त्याने माझ्या हातातली दोरी घेतली, खांबाला एक वेढा मारला आणि म्हणाला, "मास्तर, ही गाठ मी सकाळपासून वीस वेळा घातली." काथ्याची दोरी ओली झाली की गाठ कशी आवळते आणि नायलॉनची कशी सरकते हे त्याने सांगितलेलं अजून मी वर्गात सांगतो.

आता काम काय असतं ते ऐक. कागदावर नागरी संरक्षणाच्या बारा सेवा आहेत: मुख्यालय, संदेशवहन, वॉर्डन, अग्निशमन, जखमींची सेवा, बचाव, वाहतूक, कल्याण, पुरवठा, प्रशिक्षण, मालमत्ता वाचवणं, आणि मृतदेहांची व्यवस्था. नवी पोरं यातल्या दोनच सेवा मागतात, आग आणि बचाव. शेवटची कोणीच मागत नाही. मीही मागितली नव्हती, पण शिकलो. मृतदेहाला हात लावायच्या आधी तो कुठे, कसा सापडला ते लिहायचं, अंगावरची वस्तू काढायची नाही, चिठ्ठी मनगटाला बांधायची, कपड्याला नाही, कारण कपडे बदलतात. रडणाऱ्या माणसाला ओळख पटवायला नेताना आधी चेहरा पुसायचा. हे काम करणारा माणूस वाड्यात, म्हणजे आपल्या वस्तीत, असणं म्हणजे काय, ते ज्या घरावर वेळ येते त्यालाच कळतं.

वॉर्डन सेवेवर मात्र मी जास्त वेळ घेणार, कारण माझ्या मते बाकी अकरा सेवा तिच्यावर उभ्या आहेत. साधारण दहा हजार वस्तीमागे एक वॉर्डन चौकी, तिच्या हाताखाली दोन-दोन हजार वस्तीचे विभाग. वॉर्डनने करायचं काय? आपल्या विभागात कोण राहतं ते माहीत असणं. बस. वाटतं तेवढं सोपं नाही ते.

दहा-बारा वर्षांपूर्वी तालुक्याचा एक सराव होता. माझ्या हातात विभागाची यादी होती, झेरॉक्स काढलेली, चार वर्षं जुनी. यादीत मंगोर भागातल्या एका घरासमोर लिहिलं होतं, 'आजी, चालता येत नाही, स्ट्रेचर.' चार पोरांना घेऊन मी स्ट्रेचरसकट दारात उभा राहिलो आणि मोठ्या उत्साहात हाक मारली. मुलगा बाहेर आला. दाराच्या चौकटीला हात टेकवून त्याने स्ट्रेचरकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "आईला जाऊन दोन वर्षं झाली." काय बोलावं ते सुचेना. मागे वळलो तर त्याच घराच्या परसात पत्र्याची एक खोली, आत सहा मजूर झोपलेले, रात्रपाळी करून आलेले. भोंगा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि त्यांतल्या एकालाही काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. आमची घोषणा कोंकणी आणि मराठीत झालेली, त्यांना कानडी येत होती. यादीत त्यांचं नाव नव्हतंच. जी नव्हती तिच्यासाठी स्ट्रेचर आणि जे सहाजण होते त्यांच्यासाठी काहीच नाही. नंतर सरावाच्या अहवालात 'समाधानकारक' असा शेरा आला, तो वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

तेव्हापासून मी वर्गात पहिल्या दिवशी बँडेज काढत नाही, कागद काढतो. तुझ्या घरापासून दोन्ही बाजूंची पंचवीस घरं लिही म्हणतो. अंथरुणाला खिळलेलं कोण, ऑक्सिजनवर कोण, दिवस गेलेली बाई कुठे, ऐकू न येणारं कोण, भाड्याने कोण आणि कुठली भाषा, कुत्रा चावरा कुठला, विहीर कुणाची आणि पाण्याला उतरायला पायऱ्या आहेत का, गॅसची सिलिंडरं कुठे ठेवतात. बहुतेक मुलं आठ घरांनंतर अडकतात. आपणच राहतो त्या वाड्यात.

यावर तू म्हणशील, यात युद्ध कुठे आलं? सांगतो. बॉम्ब कुठे पडेल ते आपल्या हातात नसतं. पडल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं अग्निशमन दल येऊ शकत नाही, कारण एकाच वेळी दहा ठिकाणांहून बोलावणं असतं. त्या मिनिटांत ढिगाऱ्याखाली माणूस आहे की नाही हे सांगणारा शेजारी लागतो. 'या खोलीत म्हातारी झोपते' एवढं एक वाक्य मशीनपेक्षा मोलाचं ठरतं. शिवाय आपला मुरगाव तालुका बघ. बंदर, तेलाच्या टाक्या, नौदलाचा हवाई तळ, रेल्वे, खताचा कारखाना, आणि यांच्या अधूनमधून कौलारू घरं. 2025 च्या देशव्यापी सरावासाठी जी 244 जिल्ह्यांची यादी निघाली त्यात गोव्याचे तेव्हाचे दोन्ही जिल्हे होते, ते उगाच नाही. 18 डिसेंबर 1961 ला भारतीय विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली होती, आणि पोर्तुगीजांनी माघार घेताना बाणस्तारीसकट पूल उडवले होते. म्हणजे धावपट्टी आणि पूल या दोन गोष्टींवर युद्धात आधी डोळा जातो, हे गोव्याने एकदा बघितलंय. जुवारीवरचा पूल बंद झाला तर तुझ्या गावातून रुग्ण बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात कसा न्यायचा? या प्रश्नाचं उत्तर ज्याला होडीवाल्याच्या फोन नंबरसकट देता येतं तो माझ्या दृष्टीने स्वयंसेवक.

तुझ्या धंद्यावर येतो, कारण तू तो ओझरता लिहिलास आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला. जानेवारी 2018 मध्ये चिखलीजवळ अमोनियाचा टँकर उलटला होता आणि लोकांना घरं सोडायला लागली होती. शांततेच्या दिवसांत हे झालं. आता खारीवाड्यावरचे बर्फाचे कारखाने आठव, तिथेही अमोनियाच. हल्ला टाकीवर व्हायला पाहिजे असंही नाही, शेजारी हादरा बसून पाइपचा सांधा सुटला तरी पुरे. अशा वेळी कुठला व्हॉल्व्ह कुणीकडे फिरतो, गळती द्रवाची आहे की वायूची, हे ओळखणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी असतात. तू त्यातला आहेस. बाकीच्यांना तू एवढंच शिकव: आधी वारा बघा, झाड हलतंय का, कपडे कुठे उडतायत. वाऱ्याला आडवं निघा, वाऱ्याबरोबर पळू नका. ओला टॉवेल नाकातोंडावर. डोळे चुरचुरले तर चोळू नका, साध्या पाण्याने धुवत राहा. व्हॉल्व्हला हात मात्र कारखान्याच्या माणसाने किंवा अग्निशमन दलाने सांगितल्याशिवाय तूही लावायचा नाहीस.

ज्याला जे येतं त्यानेच तो देशाच्या कामी येतो, याचं माझं आवडतं उदाहरण भुजचं आहे. 1971 च्या डिसेंबरात पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी उखडली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे 300 बायका आल्या आणि तीन दिवसांत त्यांनी ती धावपट्टी पुन्हा विमान उतरेल अशी केली. हिरव्या साड्या नेसून, भोंगा झाला की झुडपांत दडून, धोका टळला की पुन्हा टोपली डोक्यावर. 1965 च्या सप्टेंबरात राजस्थानच्या गडरा रोडला रेल्वेचे 17 कर्मचारी मेले, ते रसदीची गाडी चालू राहावी म्हणून. त्यांच्याही हातात बंदूक नव्हती.

थोडं हाताने करायचं सांगतो, म्हणजे पत्र नुसतं भाषण व्हायला नको. भोंगा वरखाली होत दोन मिनिटं वाजला तर धोका, एकाच सुरात दोन मिनिटं वाजला तर धोका टळला. आपल्याकडे जून-जुलैत पत्र्यावर पाऊस पडत असेल तर भोंगा ऐकू येत नाही, म्हणून वॉर्डनकडे शिटी हवी. देवळाची आणि इगर्जीची (चर्चची) घंटा कुणी, कधी वाजवायची हेही आधी ठरवून ठेवायला हवं, नाहीतर प्रत्येकजण वाजवेल. उघड्यावर सापडलास तर पालथा पड, कोपरांवर भार देऊन छाती जमिनीपासून थोडी उचललेली, कान झाकलेले, दातांत रुमाल. स्फोटाचा दणका जमिनीतून छातीत येतो आणि बंद तोंडात कानाचा पडदा फाटतो, म्हणून हे. घरात असलास तर काचेपासून लांब. जुन्या घरातल्या शिंपल्याच्या खिडक्या ज्यांनी काढून सरकत्या काचा बसवल्या त्यांच्याबद्दल मी इथे काही बोलत नाही.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी आणि तळहाताचा सगळा जोर, किमान दहा मिनिटं. मधे उचलून बघायचं नाही. सगळे बघतात. मुलांना मी घड्याळ लावून दहा मिनिटं उशी दाबायला लावतो, चौथ्या मिनिटाला हात थरथरतो आणि सहाव्याला प्रत्येकाला वाटतं आता थांबलं असेल. हातापायाचं रक्त दाबूनही थांबेना तर जखमेच्या वर आवळपट्टी, आणि बांधल्याची वेळ रुग्णाच्या कपाळावर पेनने. लाज बाळगू नकोस, कपाळावरच. डॉक्टर पहिल्यांदा तिथेच बघतो.

ब्लॅकआऊटबद्दल दोन मतं आहेत. आजचं क्षेपणास्त्र दिवे बघून येत नाही, मग अंधार कशाला, असं मुलं विचारतात. बरोबर आहे ते अर्धं. पण कॅमेऱ्यावर उडवलेल्या ड्रोनला दिवा दिसतो, आणि दुसरं म्हणजे एका हाकेवर सगळा वाडा एकच गोष्ट करतो की नाही हे अंधारातच कळतं. मांडवीतल्या कॅसिनोंचा झगमगाट बघितला की मला नेहमी वाटतं, तो विझवायला किती मिनिटं लागतात ते एकदा घड्याळ लावून मोजलं पाहिजे.

आणि फोन. त्या मे महिन्यात एका रात्रीत माझ्याकडे एकच व्हिडिओ सात ग्रुपवरून आला, 'दाबोळीजवळचा स्फोट' म्हणून. मी चष्मा लावून थांबवून बघितला, तर मागच्या पाटीवर अक्षरं अरबी. तोवर आमच्या इमारतीतल्या दोन बायका पोरांना घेऊन गावी निघाल्या होत्या. बोगमाळोच्या रस्त्यावर उभं राहून नौदलाच्या विमानांचे व्हिडिओ काढणारी मुलंही मी बघितलीत. विमान किती वाजता उडालं हे शत्रूला फुकटात सांगणारे हे लोक स्वतःला देशभक्त समजतात, राग येतो. सरकारने माध्यमांना लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका म्हणून बजावलं होतं, ते आपल्या स्टेटसलाही लागू आहे असं धर. पडलेला कसलाही तुकडा उचलायचा नाही, फोटो टाकायचा नाही, 112 ला कळवायचं आणि लोकांना लांब ठेवत उभं राहायचं. असं नुसतं उभं राहणं हे फार कंटाळवाणं काम आहे, आणि युद्धात तेच जास्त असतं.

गोव्यात एक गंमत माहीत आहे का? मुरगाव बंदरात दुसऱ्या महायुद्धात खरोखरच हौशी स्वयंसेवक लढायला आले होते. 9 मार्च 1943 च्या रात्री, बार्जमधून. कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या हौशी पलटणीतले मध्यमवयीन इंग्रज, दिवसा कंपन्यांत नोकऱ्या करणारे. पोर्तुगीज तटस्थ होते म्हणून ब्रिटिशांना सैन्य पाठवता येत नव्हतं, म्हणून यांना पाठवलं. 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर ते चढले, जहाज बुडालं, त्याच्यासोबत आणखी तीन जहाजं त्यांच्या खलाशांनीच पेटवून बुडवली. धाडसाला दाद द्यावी, पण ती आपल्या भूमीच्या रक्षणाची लढाई नव्हती. दुसऱ्याचं युद्ध आपल्या धक्क्यावर येऊन झालं. आणि तीसेक वर्षं तोंड बंद ठेवायचं, पदक नाही, हा त्यांचा पगार.

आता पणजोबा. तू त्यांचं नाव घेतलंस त्यामागचा खरा प्रश्न मला कळला: त्यांच्या वेळी साध्या माणसांनी हत्यार उचललं, मग मला का नाही. आझाद गोमंतक दलाने उचललं होतं, खरं आहे. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनीच सोडवली, दादरा 22 जुलैला, सिल्वासा 2 ऑगस्टला. पण नीट बघ, ते जमलं कारण दमणहून कुमक यायला भारताच्या जमिनीवरून यावं लागत होतं आणि भारताने ती वाट दिली नाही. पोर्तुगाल त्यावरून आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, 1960 मध्ये निकाल लागला. वर्षभराने, 15 ऑगस्ट 1955 ला, गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीसारख्या नाक्यांवर निःशस्त्र सत्याग्रही गोळ्या झेलत आत आले आणि मेले. दोन्ही वेळा आपलं म्हणावं असं सरकार तिथे आत नव्हतं. लोकांना स्वतःच सगळं व्हावं लागलं. आज लढायला सैन्य आहे, म्हणून बाकीचं सगळं आपल्या वाट्याला आलंय. आणि तुझे पणजोबा तरी काय करत होते? भाकरी पोचवत होते. कुठल्या वाटेने जायचं, कुठल्या घरातला कुत्रा भुंकतो, पोलिसाची गस्त कधी, हे ठाऊक असलेला माणूस. आमच्या भाषेत पुरवठा सेवा आणि वॉर्डन एकत्र.

शिस्त आपल्याकडे नाही असं मला कोणी म्हणालं तर मी त्याला वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहाला यायला सांगतो. साथीच्या दिवसांत सुरू झालेला, सव्वाशे वर्षांवर चाललेला. चोवीस तास भजन खंडता कामा नये, म्हणून गट ठरलेले, पाळ्या ठरलेल्या, पहाटे तीनची पाळी असलेला माणूस अडीचला टाळ घेऊन हजर. कोणी हजेरी घेत नाही. वर्गात पाळीपत्रक लिहिताना मी हेच उदाहरण देतो आणि कुणाला दुसऱ्यांदा समजवावं लागत नाही.

नोंदणीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात विचार, 'माय भारत' पोर्टलवरही नागरी संरक्षण स्वयंसेवकाची नोंद करता येते. 'आपदा मित्र' या आपत्तीतल्या स्वयंसेवकांच्या योजनेचं बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळालं तर सोडू नकोस. आग विझवायला शिकायचं असेल तर पणजीतल्या सांतइनेजच्या अग्निशमन मुख्यालयात जाऊन चौकशी कर, ते लोक हसतमुखाने शिकवतात. बोलावणं यायला महिने लागतील, कदाचित येणारही नाही, त्याची वाट बघत बसू नकोस. रविवारी सकाळी चार मुलं आणि दोन मुली तरी गोळा कर. मुली मुद्दाम सांगतो, कारण रात्री अनोळखी घरात शिरायचं तर बायका आधी मुलीलाच दार उघडतात. पंचायतीच्या पंचाला कानावर घाल, नाहीतर निवडणुकीची यादी करताय म्हणून बोंब होईल. मग पंचवीस घरं फिरा. लोक विचारतील कशाला, तर वादळपाण्यासाठी म्हणा, तेही खोटं नाही, 2009 च्या दुरुस्तीने या कायद्यात आपत्ती आलीच आहे.

यादी पेन्सिलीने कर आणि दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, एकदा नव्याने फिर. चवथीला सगळे घरी असतात. झाली की वास्कोला घेऊन ये, मी घरीच असतो, संध्याकाळी पाचनंतर ये.